जपानी कांजी येतात. चिनीसाठी स्ट्रोक ऑर्डर पुन्हा शिकायची का?

रेघोटी

जपानी एन४ (जपानी परीक्षेची खालून दुसरी पातळी) पर्यंत झालं आहे, त्यामुळे त्या पातळीच्या कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरं, हाताने लिहिता येतात. आता चीनमधली सरळीकृत (सोपी केलेली) अक्षरं सुरू केली आहेत. अ‍ॅपमध्ये 'राजा', 'शेत', 'उजवा' लिहिलं की आकार बरोबर असूनही ते चूक दाखवतं.

अक्षरातल्या रेघा (स्ट्रोक) काढायचा क्रम खरंच वेगळा आहे का? असेल तर नेमका कुठे, की प्रत्येक अक्षर नव्याने घोकायचं? आणि लेखी परीक्षेत क्रम कोण बघणार आहे, मग एवढा आटापिटा कशासाठी?

उत्तरं देताना अर्थ आणि उच्चार देवनागरीत लिहिलेत तर बरं, म्हणजे ज्यांच्याकडे चिनी कीबोर्ड नाही त्यांनाही धागा वाचता येईल.

चौकटवही

अ‍ॅप बरोबर आहे. पण घाबरू नका, फरक मोजक्या घटकांत आहे.

आधी लिहिण्याची सोय करून घेऊ. चीनमध्ये स्ट्रोकचे पाच गट धरतात आणि त्यांना आकडे आहेत. १ म्हणजे आडवी (हंग), २ उभी (शू), ३ डावीकडे खाली उतरणारी (फ्ये), ४ म्हणजे टिंब (त्येन) किंवा उजवीकडे खाली उतरणारी (ना), आणि ५ म्हणजे मध्येच मोडून दिशा बदलणारी कुठलीही (चऽ). खालून उजवीकडे वर झटकलेली रेघ (थी) १ मध्ये मोजतात. उभ्या रेघेला खाली डावीकडे छोटा हूक असेल तरी ती २ च. हूक उजवीकडे गेला तर मात्र ५. एवढं लक्षात ठेवलं की कुठल्याही अक्षराचा क्रम फोन नंबरसारखा सांगता येतो.

आता तुमची अक्षरं. 'राजा' (वांग) चीनमध्ये १-१-२-१, जपानमध्ये १-२-१-१. 'शेत' (थ्येन) चीनमध्ये २-५-१-२-१, जपानमध्ये २-५-२-१-१. 'जन्म' (शंग) चीनमध्ये ३-१-१-२-१, जपानमध्ये ३-१-२-१-१. तिन्ही ठिकाणी भानगड एकच आहे. चीनमध्ये तळाची आडवी सोडून बाकीच्या आडव्या आधी संपवतात, मग उभी, मग तळ. जपानमध्ये उभी रेघ एक आडवी आधी घुसते.

हे घटक पुढे शेकडो अक्षरांत येतात. 'देश' (क्वो) मध्ये 'राजा' आहे आणि त्याला एक टिंब, म्हणून पूर्ण क्रम २-५-१-१-२-१-४-१. 'पुरुष' (नान) आणि 'विचार' (स) यांच्या डोक्यावर 'शेत' आहे. 'तारा' आणि 'आडनाव' (दोन्ही शिंग, सूर वेगळा) यांत 'जन्म' आहे. 'निळा-हिरवा' (छिंग) याचा वरचा भागही चीनमध्ये १-१-२-१, आणि तोच 'कृपया', 'स्वच्छ' वगैरे अक्षरांत उजव्या बाजूला बसतो. चार घटक दुरुस्त केले की ही सगळी ओळ दुरुस्त.

'उजवा' आणि 'डावा' हा वेगळा किस्सा. जपानी शाळेत 'डावा' आडवीने सुरू होतो आणि 'उजवा' तिरकीने. चीनमध्ये दोन्ही आडवीनेच: 'डावा' (च़्वो) १-३-१-२-१, 'उजवा' (यौ) १-३-२-५-१. 'असणे' (हेही यौ) तसंच, १-३ ने सुरू. इथे उलट तुमचं काम सोपं झालं.

काही ठिकाणी स्ट्रोकची संख्याच बदलते. 'हाड' (कू) चीनमध्ये ९, जपानमध्ये १०, कारण आतला छोटा कोपरा चीनमध्ये डावीकडे आणि जपानमध्ये उजवीकडे असतो. कानासारखा दिसणारा घटक ('शहर' वगैरे अक्षरांत उजवीकडे येतो तो) चीनमध्ये २ स्ट्रोकचा, जपानमध्ये ३ चा. संख्या चुकली तर स्ट्रोकवरून शब्दकोशात शोधताना अक्षर सापडत नाही.

बाकी वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी आधी उभी नंतर, डावी तिरकी आधी उजवी नंतर, चौकट आधी, आतलं नंतर, आणि दार सर्वांत शेवटी बंद, हे तुम्हाला येतंच. ते दोन्हीकडे सारखं आहे.

सरळसोट

वरचं सगळं बरोबर, पण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही, म्हणून देतो. कागदावरच्या परीक्षेत क्रम कुणालाही दिसत नाही. दिसतो तो आकार. आणि संगणकावर परीक्षा दिलीत तर पिनयिन (रोमन लिपीतला चिनी उच्चार) टाइप करून अक्षर निवडायचं असतं, हाताचा संबंधच नाही.

१ जुलै २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांसाठी जे स्तर-मानक लागू आहे, त्यात वाचता यायला हवीत अशी अक्षरं ३००० आहेत, पण हाताने लिहायची फक्त १२००: प्राथमिक टप्प्याला ३००, मधल्याला ४००, वरच्याला ५००. चिनी लोकांनीच हाताच्या लेखनाचं ओझं एवढं कमी केलंय.

आणि 'बरोबर क्रम' ही काही आकाशवाणी नाही. जपानच्या शिक्षण मंत्रालयाने १९५८ मध्ये ८८१ कांजींची क्रम-पुस्तिका काढली, तिच्यातच लिहिलंय की इथे न दिलेले क्रम चूक समजू नयेत. तैवानचं तिसरंच. गवताचं डोकं (वनस्पतींच्या अक्षरांवर बसतं ते) चीनमध्ये ३ स्ट्रोक, तैवानच्या मानकात ४. तेव्हा सर्वसाधारण नियम पाळा, अपवाद घोकत बसू नका.

दौतटाक

@सरळसोट, परीक्षेपुरतं मान्य. पण 'आकार दिसतो, क्रम दिसत नाही' हे सावकाश, ठसठशीत लिहिलेल्या अक्षरापुरतंच खरं. वेग वाढला की पेन कागदावरून पूर्ण उचललं जात नाही आणि दोन स्ट्रोकच्या मध्ये बारीक जोड उमटतो. तो जोड कुठून कुठे जातो हे क्रमावर ठरतं. क्रम बरोबर असेल तर समोरचा चिनी माणूस त्या जोडावरून अक्षर ओळखतो. क्रम उलटा असेल तर जोड भलतीकडे जातो आणि त्याला ती खाडाखोड वाटते.

उलट बाजूनेही तेच. दुसऱ्याची चिठ्ठी, डॉक्टरचा कागद, हॉटेलच्या भिंतीवर हाताने लिहिलेली यादी वाचायची तर क्रम डोक्यात हवा. शिवाय १९५६ च्या सरळीकरणातली बरीच अक्षरं मुळात अशा धावत्या हातातूनच आली आहेत. 'गाडी' (छऽ), 'पुस्तक' (शू), 'लांब' (छांग) यांचे आजचे आकार म्हणजे जुन्या धावत्या लेखनाला दिलेली सरळ रेघांची इस्त्री. म्हणून त्यांचा क्रम नुसत्या आकारावरून उमगत नाही. 'गाडी' १-५-१-२ आणि 'लांब' ३-१-५-४. हे दोन सरळ पाठ करा, तर्क लावू नका.

मानकाबद्दल: चीनमध्ये १९९७ साली ७००० अक्षरांचा क्रम अधिकृतपणे ठरवला गेला. पुढे २०१३ च्या ८१०५ अक्षरांच्या यादीला धरून नवं क्रम-मानक आलं, ते १ मार्च २०२१ पासून लागू आहे. सरळीकृत शिकताय ना, मग तेच धरा. दोन देशांचे क्रम मिसळलेत की हाताला सवयच लागत नाही, दर वेळी विचार करावा लागतो.

आता फुकटचा परीक्षक सांगतो. फोनच्या कीबोर्डमध्ये सरळीकृत चिनीचा 'स्ट्रोक' प्रकार जोडा. त्यात पाचच कळा असतात, चौकटवहींनी सांगितलेल्या त्याच गटांच्या. अक्षर मनात धरा आणि ज्या क्रमाने लिहाल त्या क्रमाने कळा दाबा. 'स्त्री' (न्यू) ५-३-१, 'आग' (ह्वो) ४-३-३-४, 'आई' (मू) ५-५-४-१-४, 'उत्तर दिशा' (पेइ) २-१-१-३-५. शेवटच्या स्ट्रोकपर्यंत दाबूनही अक्षर पहिल्या काहींत आलं नाही तर क्रम किंवा संख्या चुकली. मध्येच अक्षर दिसलं म्हणून थांबू नका, कारण कीबोर्ड पुढचं आधीच सुचवतो आणि मग शेवटची चूक लपते.

या युक्तीची मर्यादाही समजून घ्या. लांबी तिला कळत नाही. 'माती' (थू) आणि 'विद्वान' (श्र) दोन्ही १-२-१. 'माती'ची खालची आडवी लांब, 'विद्वान'ची वरची. 'अजून नाही' (वेइ) आणि 'शेवट' (मो) दोन्ही १-१-२-३-४, तिथेही फरक लांबीचाच. दिशा मात्र पकडली जाते. 'हजार' (छ्येन) ३-१-२ आणि 'कोरडा' (कान) १-१-२. 'हजार'ची वरची रेघ उजवीकडून डावीकडे उतरते. तिला डावीकडून उजवीकडे ओढलं की ते 'कोरडा'च्या वळणावर जातं.

रेघोटी

कीबोर्डची युक्ती भारी आहे, लगेच जोडला. त्यावर 'मी' (वो) काही केल्या येत नाही. डावीकडे 'हात' आणि उजवीकडे 'भाला' असे दोन भाग पाडून लिहितेय. आणि 'आत येणे' (चिन) मध्ये खालची वाहती रेघ शेवटी, पण 'उठणे' (छी) मध्ये तसं करून चालत नाही. नियम काय समजायचा?

चौकटवही

'मी' चे दोन भाग पाडता येत नाहीत, तिथेच घोळ आहे. वरची लांब आडवी डावीकडून उजवीकडे अख्ख्या अक्षरातून जाते, दोन्ही बाजूंना एकच. क्रम ३-१-२-१-५-३-४: वर छोटी तिरकी, मग ती लांब आडवी, मग हूकची उभी, तिला छेदून वर झटकलेली थी, नंतर आडवीला छेदत उजवीकडे उतरणारा लांब हूक, त्याला छेदणारी डावी तिरकी, आणि अगदी शेवटी उजव्या वरच्या कोपऱ्यातलं टिंब. लांब हूक पुरेसा लांब आणि ताठ ठेवा. तो आखूड झाला किंवा पोटात वाकला की अक्षर उजवीकडे कलंडतं.

टिंबाचा ढोबळ नियम असा की डोक्यावर मधोमध किंवा डावीकडे असेल तर आधी, उजव्या वरच्या कोपऱ्यात किंवा पोटात असेल तर शेवटी. 'दार' (मन) टिंबाने सुरू होतं, ४-२-५. छपराचा घटकही टिंबाने सुरू. 'कुत्रा' (छ्युएन), 'मी' आणि 'देश'मधलं टिंब उशिरा. 'आई' हा खास अपवाद: आडवी रेघ दोन टिंबांच्या मध्ये येते.

'आत येणे' आणि 'उठणे' बद्दल. तळाशी वाहणारा घटक स्वतः पूर्ण अक्षर नसेल, नुसतं वेष्टण असेल, तर तो शेवटी. 'हा' (चऽ) ४-१-३-४-४-५-४, त्यातले शेवटचे तीन स्ट्रोक म्हणजे ते वेष्टण. 'बांधणे' (च्येन) तसंच. पण 'उठणे' मधला डावा भाग 'चालणे' (च़ोउ) हे स्वतंत्र ७ स्ट्रोकचं अक्षर आहे, म्हणून ते आधी पूर्ण, मग त्याच्या लांब शेपटीवर उरलेले ३. 'प्रश्न, विषय' (थी) मध्येही डावा भाग आधी पूर्ण होतो.

उजवीकडे उघडी पेटी असेल तर छप्पर आधी, आतलं नंतर, आणि डावी बाजू व तळ मिळून शेवटचा एक स्ट्रोक: 'विभाग' (छ्यू) १-३-४-५. वर उघडी पेटी असेल तर आतलं आधी: 'अशुभ' (श्यूंग) ३-४-५-२. 'बाहेर जाणे' (छू) मात्र दोन डोंगर एकावर एक समजून लिहू नका, ५-२-२-५-२ आहे. मधली लांब उभी वरपासून खालपर्यंत एकच.

आता ज्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं ते. घटक डावीकडे गेला की त्याचा शेवट बदलतो आणि कधी कधी क्रमही. 'गाडी' एकटी १-५-१-२, पण डावा घटक म्हणून १-५-२-१, आणि शेवटची रेघ आडवी न राहता वर झटकते. 'बैल' (न्यौ) एकटा ३-१-१-२, डावीकडे ३-१-२-१. कारण सरळ आहे: थी ज्या टोकाला संपते तिथून उजव्या भागाचा पहिला स्ट्रोक जवळ पडतो. 'राजा' आणि 'माती' यांचा तळही डावीकडे आल्यावर वर झटकायचा, क्रम तोच. 'जंगल' (लिन) मधल्या डाव्या झाडाची उजवी तिरकी आखडून टिंब होते, नाहीतर ती शेजारच्या झाडात घुसते. जागा अर्धी-अर्धी देऊ नका, डावं झाड थोडं अरुंद.

एक जोडी ज्यात जवळपास प्रत्येक जण गोंधळतो: 'नऊ' (च्यौ) ३-५, पण 'बळ' (ली) ५-३. 'सुरी' (ताओ) सुद्धा ५-३. 'दहा हजार' (वान) १-५-३, 'चौरस, दिशा' (फांग) ४-१-५-३, म्हणजे तिरकी शेवटी. 'नऊ' तेवढा वेगळा.

खडूफळा

क्रमावर बरंच झालं, कागदावर कुणी बोललं नाही. देवनागरी लिहिणाऱ्या हाताच्या चुका ठरलेल्या असतात, त्या सांगतो.

पहिली चूक शिरोरेघेची. आपण अक्षर आधी लिहितो आणि वरची रेघ शेवटी ओढतो. तीच सवय चिनीत आली की सगळ्यात वरची आडवी शेवटी पडते आणि खालचा भाग किती रुंद ठेवायचा याचा अंदाज जातो. चिनी अक्षर रेघेला लटकत नाही, चौकोनाच्या मध्यावर तोललेलं असतं. दुसरी चूक अनुस्वाराची, म्हणजे टिंब नेहमी शेवटी. त्यावर वर उत्तर आलंच आहे. तिसरी गोलाईची. 'तोंड' (खोउ) हा चौकोन एका दमात गोल फिरवून काढतात. तो ३ स्ट्रोकचा आहे, २-५-१: डावी उभी, वरची आडवी आणि उजवी उभी एकत्र, पेन न उचलता पण कोपऱ्यावर क्षणभर थांबून, मग तळ. कोपरा टोकदार हवा, वाटोळा नको. आणि वर रुंद, खाली किंचित अरुंद.

वहीसाठी खास चिनी वही शोधू नका. गणिताची चौकटीची वही घ्या. चार चौकोन, दोन बाय दोन, मिळून एक घर. मधली फुली आपोआप मिळते, आणि चिनी मुलं ज्या घरात गिरवतात त्याची रचना नेमकी हीच. एका अक्षराचं घर साधारण दीड सेंटिमीटरचं असू द्या. त्याहून लहान घरात १० स्ट्रोकच्या पुढची अक्षरं गिचमिड होतात, फार मोठ्या घरात रेघा थरथरतात. अक्षराने घराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग व्यापावा, कडांना टेकू नये.

सुरुवात एचबी पेन्सिलने. जेल पेन घेतलंत तर ०.५. बॉलपेन गुळगुळीत घसरतं, त्यामुळे रेघ कुठे थांबली ते हाताला कळत नाही. वहीखाली दोन-चार कागद ठेवा, कडक टेबलावर थेट लिहू नका.

सरावाचं म्हणाल तर एक अक्षर पन्नास वेळा ओळीने लिहिणं वाया जातं. चौथ्या-पाचव्यानंतर माणूस आधीच्या घराची नक्कल करतो, चूक असेल तर चुकीचीच. त्याऐवजी आधी हवेत बोटाने लिहा, प्रत्येक स्ट्रोकचं नाव मोठ्याने म्हणत (चिनी प्राथमिक शाळांत हे करून घेतात). मग बघून ३ वेळा. मग नमुना झाकून २ वेळा. दुसऱ्या दिवशी फक्त अर्थ बघून १ वेळा, आणि अडलात तरच नमुना उघडा. दिवसाला ८–१० नव्या अक्षरांवर जाऊ नका. एका दिवशीची अक्षरं शक्यतो एकाच घटकाची घ्या, म्हणजे 'राजा'चा दिवस, 'शेता'चा दिवस असं. जपानीवरून येणाऱ्यांना याचा जास्त उपयोग, कारण जुनी सवय मोडायची आहे.

दौतटाक

खडूफळांना एक जोड: नमुन्याचा फॉन्ट तपासा. फोनच्या भाषांच्या यादीत जपानी वर आणि चिनी खाली (किंवा नाहीच) असेल तर तीच अक्षरं बऱ्याचदा जपानी आकारात दिसतात. 'सरळ' (च्र), 'हाड', 'शिंग' (च्याओ) यांत फरक स्पष्ट कळतो. रेघोटींच्या फोनवर हे असण्याची दाट शक्यता आहे. सेटिंगमध्ये सरळीकृत चिनी जपानीच्या वर घ्या. आणि गिरवायला खायशू (ठसठशीत, सुट्या रेघांच्या हस्ताक्षराच्या) वळणाचा फॉन्टच वापरा. छापील पुस्तकाच्या फॉन्टमध्ये आडव्या रेघेच्या टोकाला त्रिकोण असतो, तो हाताने काढायचा नसतो.

डावखुरा

डाव्या हाताने लिहिणाऱ्यांनी क्रम उलटा केला तर चालेल का? आडवी रेघ डावीकडून उजवीकडे ढकलावी लागते, पेन अडकतं.

खडूफळा

क्रम आणि दिशा तीच ठेवा. उलटं केलंत तर थी आणि फ्ये यांची टोकं उलटी पडतात, जाड बाजू बारीक आणि बारीक बाजू जाड, आणि ते कागदावर दिसतं. शिवाय फोनवर बोटाने लिहून ओळखून घेताना गोंधळ होतो. त्याऐवजी कागद घड्याळाच्या काट्याच्या दिशेने साधारण ३० अंश फिरवा आणि मनगट ओळीच्या खाली ठेवा. पेन अडकतं ते बहुधा फार उभं धरल्यामुळे. थोडं आडवं धरा, आणि जेल पेनऐवजी पेन्सिलच चालू ठेवा, म्हणजे शाई पुसली जाणार नाही.